सरदाराचे पाय

राजारामपुरीत, कांडप गिरणीच्या माडीवर
दोन पोरं आणि एक पोरगी
जुन्या तैलचित्रांचा गेम करतायत.
खाली मिरची कुटायला लागली की वर सगळे शिंकतात,
स्क्रीनवरच्या राण्यासुद्धा.
ते मुद्दाम घातलंय म्हणे.

हिरो एक सरदार.
ऐंशी वर्षांमागं कुणीतरी काढलेला,
मिशीचा केस न् केस मोजून,
पगडीचा मोती ओला वाटावा असा.
पण कमरेपर्यंतच.
खाली चौकट.
पैसे तेवढेच दिले असणार, सुकुमार म्हणतो,
पायांचा दर वेगळा पडत असंल.

तर गोष्ट एवढीच, की सरदाराला लागलीय भूक.
शेजारच्या चित्रात केळी, द्राक्षं, कापलेलं कलिंगड,
आणि जायला पाय नाहीत.
बास. एवढ्यावर सात लेव्हल.

आधी तो तळ्यातल्या बगळ्याचे पाय पळवतो.
मग तपाला बसलेल्या ऋषीचे.
मांडी काही सुटत नाही,
तसाच सरपटत दरबारात शिरतो
आणि सगळा दरबार त्याला
नमस्कार करतो.
मग तालमीतल्या पैलवानाचे.
ते पाय ऐकत नाहीत त्याचं,
दिसंल त्या खांबाला पेच टाकतात.
इकडं पैलवान शड्डू ठोकायला जातो,
हात हवेतच.

वीणेवर बोटं टेकून बसलीय एक बाई.
टिचकी मारली की म्हणते,
'काढून झालं का? मान धरलीया माझी.'
हा आवाज नसीम बागवानचा.
गिरणी बंद झाली की रात्री
ती गोधडीत शिरून
सगळ्या महाराण्या बोलते.

माझं काम भोकाचं.
माणूस चित्रातनं कापून काढला
की मागं माणसाएवढं भोक राहतं.
तिथं काय होतं?
काढणाऱ्यानंही कधी बघितलं नव्हतं.
ते मी रंगवतो.
आयुष्यभर सिनेमाची बॅनरं केली,
सात फुटी नाकं, बैलगाडीएवढे डोळे.
फ्लेक्स आला, आणि मी घरात.
आता पोरं म्हणतात, यल्लाप्पामामा,
एवढी भिंत पुरी करा की.

सरदाराच्या मागं लाल मखमलीचा पडदा.
मोठा करून बघत होतो, मोठा, अजून मोठा,
आणि घड्या ओळखीच्या निघाल्या.
फटकारा उलटा. डावखुऱ्याचा.

माझा बाप एका स्टुडिओत कामाला होता.
चेहरा मालकाचा, हात मालकाचे, सही मालकाची.
पडदा, गालिचा, खुर्चीची नक्षी
बापाची.
पोटाचं बघू पुढच्या महिन्यात, असं मालक म्हणायचा.
तो महिना
कॅलेंडरात नव्हता.

शेवटच्या लेव्हलला सरदार पडदा ओढतो.
मागं काय दाखवू, पोरांनी विचारलं.
मी दोन दिवस काही बोललो नाही.
मग एक माणूस बसवला, उकिडवा.
दातात ब्रश, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला,
पावलांवर जगातले सगळे रंग.
कमरेपर्यंत नाही,
नखांपर्यंत काढला.

सरदार त्याला म्हणतो, 'पाय दे.'
इथं पोरं अडली. हा काय बोलंल?
मी माईक ओढला, गोधडीत शिरलो,
मिरचीचा खकाणा अजून घशात होता.
'रंगवून देतो,' म्हटलं.
'आधी पैसे ठेव. मागचीच बाकी हाय.'

आता गल्लीतली पोरं खेळून बघायला येतात
आणि इथं आली की चिडतात.
सात लेव्हलच्या मोहरा, सगळ्याच्या सगळ्या,
ह्या पडदेवाल्याला?
दे की भावा, मी म्हणतो.
व्याज सोडलंय.